चढउताराचा तक्ता आधी, फोटो नंतर

डोंगरातल्या सात-आठ दिवसांच्या, गाईडबरोबरच्या ट्रेकचं नियोजन बहुतेकांचं फोटोंपासून सुरू होतं. निळंशार तळं, मागे बर्फाचं शिखर, काठाने रांगेत चाललेली माणसं. आमच्या हातात माहितीपत्रक आलं की आम्ही आधी दिवसवार कार्यक्रमाचं पान काढतो आणि कोऱ्या कागदावर पाच रकाने आखतो: अंतर, एकूण चढ, एकूण उतार, वाटेतलं सर्वांत उंच ठिकाण आणि मुक्कामाची उंची. सगळ्या दिवसांचे हे आकडे भरले की ट्रेक झेपणारा आहे का, तयारीला किती आधी लागायचं, बूट कसले हवेत, विमा कुठल्या उंचीपर्यंतचा काढायचा, हे त्याच कागदावरून ठरत जातं. आकडे पत्रकात नसले तर आयोजकाकडे मागायचे. त्याच्याकडेही नसले तर त्याने ती वाट स्वतः पायाखाली घातलेली नाही, असं खुशाल समजावं.

यातला एकूण चढाचा रकाना सर्वांत जास्त फसवतो. सकाळी २,१०० मीटरवरून निघायचं आणि संध्याकाळी २,४०० मीटरवर मुक्काम, म्हणजे ३०० मीटरचाच चढ, असा हिशोब पटकन मनात होतो. पण मधे वाट ओढ्यापर्यंत १,७०० मीटरवर उतरत असेल, तर तोच दिवस ७०० मीटर चढाचा आणि ४०० मीटर उताराचा झाला. कार्यक्रमात अनेकदा फक्त दोन मुक्कामांच्या उंचीतला फरक छापलेला असतो, म्हणून ‘एकूण चढ’ असं स्पष्ट विचारायचं. मोबाईलवरची दोन ॲप एकाच वाटेचा एकूण चढ वेगवेगळा दाखवतात, कारण नोंदींमधले बारीक चढउतार कोण किती गाळतं यावर बेरीज बदलते. तेव्हा मोठा आकडा धरून चालावं.

आकडे हाती आले की त्यांचे तास करायचे. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजूनही वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. हा ठोकताळा चपळ, सरावलेल्या माणसाचा. सुट्टीवर आलेल्या गटासाठी आम्ही जर्मनीच्या डीआयएन ३३४६६ या मानकातली रीत धरतो. त्यात सपाटीवर तासाला ४ किलोमीटर, चढावर तासाला ३०० मीटर आणि उतारावर तासाला ५०० मीटर असा वेग असतो. अंतराचे तास एकीकडे काढायचे, चढउताराचे दुसरीकडे. जो आकडा मोठा असेल तो पूर्ण घ्यायचा आणि लहान आकड्याचा निम्मा त्यात मिळवायचा.

उदाहरणादाखल १४ किलोमीटर, ९०० मीटर चढ आणि ६०० मीटर उताराचा एक दिवस घेऊ. चढाला ३ तास आणि उताराला १ तास १२ मिनिटं, मिळून ४ तास १२ मिनिटं. अंतराचे साडेतीन तास. मोठा आकडा ४ तास १२ मिनिटं, त्यात साडेतीनचा निम्मा पावणेदोन तास. उत्तर जवळपास ६ तास, तेही चालण्याचेच. नेस्मिथच्या हिशोबाने हाच दिवस ४ तास २० मिनिटांच्या आत संपतो. सहा तासांत जेवण, पाणी भरणं, फोटो, कुणाच्या तरी बुटाची नाडी, आठ-दहा माणसांची रांग असली की होणारा खोळंबा, हे काहीच धरलेलं नाही. आम्ही त्यात तिसरा हिस्सा वाढवतो, म्हणजे हा दिवस साधारण आठ तासांचा. पत्रकात त्याच्यापुढे ‘५ तास’ लिहिलेलं असलं तर ते निव्वळ चालीचे तास आहेत की मुक्कामाला पोचेपर्यंतचे, एवढं विचारलं की पुष्कळ उलगडा होतो.

असे सगळ्या दिवसांचे तास एकाखाली एक लिहिले की ट्रेकची घडण दिसते. सवय नसलेल्या उतारानंतर मांड्या आणि पोटऱ्या भरून येतात, आणि हे दुखणं साधारण २४ ते ७२ तासांनी शिगेला पोचतं. म्हणजे पहिल्या दिवशी १,२०० मीटरचा उतार असेल तर त्याची वसुली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होणार. चांगल्या आखलेल्या ट्रेकमध्ये पहिला दिवस चार-पाच तासांचा, दुसरा त्याहून थोडा मोठा, आणि सर्वांत मोठी खिंड चौथ्या-पाचव्या दिवशी, पाय चालीला लागल्यावर येते. मोठी खिंड दुसऱ्याच दिवशी आणि त्यानंतर लागोपाठ तीन लांबलचक दिवस, अशी आखणी दिसली तर ती बहुधा गाड्यांच्या किंवा मुक्कामांच्या सोयीने झालेली असते. चालणाऱ्यांचा विचार तिथे मागे पडलेला असतो.

उताराचा रकाना लोक वाचतच नाहीत. चढावर दम लागतो, पण थांबलं की तो भरून निघतो. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचं आणि सॅकचं वजन पेलत असतो, आणि त्यातून स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते. ती थांबून भरून येत नाही. गुडघे उतारावर बोलतात, घोटे उतारावर मुरगळतात, अंगठ्याची नखं उतारावर काळी पडतात. एका दिवसात १,००० मीटरपेक्षा जास्त उतार असेल तर दोन काठ्या हव्यातच, आणि त्या वापरायची सवय आधी झालेली हवी. उतारावर काठ्या थोड्या लांब करायच्या, म्हणजे खाली टेकवताना कंबरेत वाकावं लागत नाही.

वाट कशी आहे हे मात्र या तक्त्यात उतरत नाही, ते वेगळं विचारायला लागतं. पत्रकातल्या ‘मध्यम’ या शब्दाला काही अर्थ नसतो. एका आयोजकाचं मध्यम दुसऱ्याचं अवघड असतं. स्वित्झर्लंडच्या अल्पाइन क्लबची टी १ ते टी ६ अशी श्रेणी आहे आणि ती कळली की बोलणं सोपं होतं. टी १ म्हणजे रुळलेली पायवाट, टी २ डोंगरातली सलग पण कुठेकुठे तीव्र वाट, टी ३ वर तोल सांभाळायला हात लागू शकतात आणि काही जागी एका बाजूला सरळ दरी असते. टी ४ पासून पुढे हात वापरून चढणं येतं, ती हौशी सुट्टीची हद्द नव्हे. श्रेणी माहीत नसलेल्या आयोजकाला साध्या शब्दांत विचारावं: हात टेकावे लागतात का? साखळी किंवा दोर बांधलेले टप्पे आहेत का? घसाऱ्याची वाट किती लांब? पूल नसलेले ओढे ओलांडायचे आहेत का? आम्ही जाऊ त्या आठवड्यात खिंडीत बर्फ असतो का? उंचीची भीती असणाऱ्याला दम कमी पडत नाही, तो दरीकाठच्या पन्नास मीटरच्या वाटेवर अडतो आणि त्याच्यापाठी सगळी रांग अडते.

आता मुक्कामाच्या उंचीचा रकाना. सगळे मुक्काम २,५०० मीटरच्या खाली असतील तर हा भाग सोडून दिला तरी चालेल. त्याच्या वर असतील तर बाकी सगळ्यापेक्षा हाच रकाना महत्त्वाचा. साधारण मान्य झालेला नियम असा, की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर आणखी एक रात्र काढावी. दिवसा कितीही वर चढून खाली आलात तरी हरकत नाही. हिशोब झोपण्याच्या जागेचा. ५,५०० मीटरच्या आसपास हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा होतो आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायू त्याच प्रमाणात घटतो. त्याची सवय व्हायला शरीराला दिवस लागतात. तंदुरुस्ती इथे उपयोगी पडत नाही, उलट तगडी माणसं भराभर चढून जातात आणि आधी आडवी होतात.

किलिमांजारोच्या मारांगू वाटेचा तक्ता मांडून पाहा. पायथ्याचं प्रवेशद्वार १,८०० मीटरच्या थोडं वर, मंदारा झोपड्या सुमारे २,७०० मीटरवर, होरोंबो ३,७०० च्या आसपास, किबो ४,७०० च्या आसपास आणि माथा ५,८९५ मीटर. पाच दिवसांच्या कार्यक्रमात चढताना मंदारा, होरोंबो आणि किबो इथे एकेक रात्र, म्हणजे रोज झोपण्याची उंची हजार मीटरने वाढते. वरच्या नियमाच्या बरोबर दुप्पट. सहा दिवसांच्या कार्यक्रमात होरोंबोला एक रात्र जास्त मिळते आणि तेवढ्यानेही फरक पडतो. वाट तीच, झोपड्या त्याच. पण दोन पत्रकांतला तो एक दिवस काटकसर म्हणून गाळण्यासारखा नाही. कुठल्याही उंच ट्रेकचा ‘लवकर आटोपणारा’ पर्याय दिसला की आधी मुक्कामाचा रकाना तपासावा.

विरळ हवेचा त्रास वर पोचल्यावर लगेच होत नाही, बहुधा सहा ते बारा तासांनी सुरू होतो: डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, झोप न लागणं, विनाकारण थकवा. डोकं दुखत असेल तर दुसरं कारण सिद्ध होईपर्यंत ते उंचीमुळेच दुखतंय असं धरायचं आणि आणखी वर जायचं नाही. त्रास वाढत गेला तर खाली उतरायचं. दोन लक्षणं मात्र रात्री दोन वाजतासुद्धा थांबू देत नाहीत. एक म्हणजे तोल जाणं: टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत दहा पावलं चालता आली नाहीत, तर मेंदूला सूज येत असल्याची शक्यता असते. दुसरं म्हणजे बसल्याजागी लागणारी धाप, सोबत खोकला. ती फुप्फुसात पाणी भरत असल्याची खूण. दोन्हीत उपाय तोच, ताबडतोब खाली. ॲसिटाझोलामाइडच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी निघण्याच्या महिनाभर आधी बोलावं. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायला लागण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते आधी सांगायलाच हवं. बोटांना मुंग्या येतात, लघवीला वारंवार जावं लागतं, हे अपेक्षित आहे. गोळी घेतली म्हणून मुक्कामाच्या रकान्यातले नियम सैल होत नाहीत. झोपेच्या गोळ्या आणि दारू पहिले काही दिवस टाळावी, दोन्हींनी श्वास मंदावतो.

ट्रेक ठरला की गाईड. इथे दोन पातळ्या कळलेल्या बऱ्या. आयएफएमजीए ही डोंगरातल्या गाईडांच्या संघटनांची आंतरराष्ट्रीय संस्था १९६५ सालची. तिचे गाईड हिमनदी, दोर, कातळ, बर्फ या सगळ्याचं शिक्षण घेतलेले असतात. यूआयएमएलए ही तशीच दुसरी आंतरराष्ट्रीय संस्था २००४ ची. तिचे लीडर डोंगरातल्या चालण्याच्या वाटांसाठी तयार झालेले असतात, आणि जिथे दोर किंवा हिमनदीवरची साधनं लागतात ती जागा त्यांच्या कामात येत नाही. साध्या वाटेच्या ट्रेकला दुसऱ्या प्रकारचा लीडर पुरेसा आणि अनेकदा जास्त चांगला, कारण गट सांभाळणं हेच त्याचं रोजचं काम. वाटेत हिमनदीचा एक तासाचा तुकडा असेल तर मात्र पहिल्याच प्रकारचा गाईड हवा. काही देशांची स्वतःची परवाना पद्धत असते. तिथे परवाना कशासाठीचा आहे हे पाहायचं.

एका गाईडमागे किती माणसं, हा प्रश्न सगळे विचारतात आणि ‘दहा’ किंवा ‘बारा’ असं उत्तर मिळालं की समाधान मानतात. आम्ही वेगळा प्रश्न विचारतो: तिसऱ्या दिवशी एकाचा घोटा मुरगळला आणि त्याला खाली न्यायचं झालं, तर गाईड कोणाबरोबर जाणार आणि उरलेले कोणाबरोबर चालणार? सहायक गाईड आहे, तो रांगेच्या शेवटी चालतो, त्याला वाट माहीत आहे, खाली गाडी अमुक ठिकाणी येते, असं उत्तर आलं तर तो आयोजक कामाचा. ‘असं कधी होत नाही’ हे उत्तर आलं तर नमस्कार करावा. त्याच बोलण्यात आणखी विचारून घ्यावं: हवा बिघडली तर खिंडीऐवजी कुठली वाट, ती वाट घेतली तर गाडीचा खर्च कोणाचा, आणि परत फिरण्याची वेळ आधी ठरलेली असते का. हमाल असतील तर त्यांचा विमा आणि थंडीचे कपडे कोण पुरवतं, हेही. ज्याचं उत्तर गुळमुळीत येतं, त्याची बाकीची उत्तरंही पुन्हा तपासावीत.

कराराचा कागद वाचताना नजर तीन ठिकाणी थांबली पाहिजे. किमान किती माणसं जमली तर ट्रेक निघतो आणि न जमल्यास ते तुम्हाला कधीपर्यंत कळवणार. तो दिवस उलटेपर्यंत, रद्द केल्यास पैसे परत न मिळणारं विमानाचं तिकीट काढू नये. दुसरं, सामान पोचवण्याची सोय. बॅग गाडीने येते, आणि गाडी रस्त्यापर्यंतच येते. ज्या रात्री मुक्काम रस्त्यापासून दूर डोंगरातल्या निवाऱ्यात असतो, त्या रात्री बॅग भेटत नाही. अशा रात्री किती आणि कोणत्या, हे तक्त्यात सहावा रकाना करून लिहून ठेवावं, कारण त्या दिवसांचे जास्तीचे कपडे पाठीवर न्यायचे आहेत. तिसरं, बॅगेच्या वजनाची मर्यादा. चाकांची कडक बॅग अनेक ठिकाणी घेत नाहीत.

विम्यात उंचीची मर्यादा असते. साध्या प्रवास विम्यात ट्रेकिंगच वगळलेलं असतं किंवा ठरावीक उंचीपर्यंतच धरलेलं असतं, आणि ती मर्यादा कागदाच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात सापडते. आपल्या तक्त्यातला ‘सर्वांत उंच ठिकाण’ हा आकडा त्या मर्यादेच्या खाली बसला पाहिजे. मुक्कामाची उंची दाखवून भागत नाही. शोध आणि सुटका एकीकडे, दवाखान्यापर्यंतचा वैद्यकीय प्रवास दुसरीकडे, अशी बरीच कलमं वेगळी असतात. हेलिकॉप्टर बोलावण्याआधी कंपनीची परवानगी लागते का हे पाहून तो चोवीस तासांचा दूरध्वनी क्रमांक पॉलिसी क्रमांकासह कागदावर लिहून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवायचा. एक प्रत गाईडकडे. आधीचे आजार लपवले तर दावा तिथेच अडतो.

हंगामाबद्दल थोडक्यात. दर हजार मीटर चढाला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे पायथ्याला २० अंश असताना दीड हजार मीटर वरच्या खिंडीत दहाच्या आसपास, आणि वारा असला तर अंगाला त्याहून बरंच कमी. हंगामाच्या सुरुवातीला खिंडींत बर्फ उरलेला असतो, शेवटी दिवस लहान झालेला असतो. तक्त्यात नऊ तासांचा दिवस असेल आणि उजेड अकरा तासांचाच असेल, तर एका चुकलेल्या वळणाचीही मुभा उरत नाही. उन्हाळ्यात डोंगरात दुपारनंतर ढग चढतात आणि विजा होतात, म्हणून खिंड बाराच्या आत मागे पडली पाहिजे. हिमनदीतून येणारे ओढे पहाटे उतरलेले असतात आणि दुपारी फुगतात; ओलांडायचे असतील तर पहाटे. गाईड चार वाजता उठवतो त्याच्या मागे हे असं गणित असतं.

शारीरिक तयारीला दहा ते बारा आठवडे धरावेत. पळणं, सायकल यांनी दम वाढतो, पण उताराची सवय उतरूनच होते. टेकडी नसेल तर जिने आहेत. एक मजला साधारण तीन मीटर, म्हणजे दहा मजली इमारत एकदा चढली की ३० मीटर आणि दहा वेळा चढली की ३०० मीटर. उतरतानाही जिनेच; पुष्कळ जण चढून लिफ्टने खाली येतात आणि ज्याची गरज आहे तेच नेमकं सोडून देतात. पहिले तीन आठवडे सॅक रिकामी, मग तीन किलो, मग हळूहळू ट्रेकचं पूर्ण वजन. सहाव्या आठवड्यापासून लागोपाठ दोन दिवस लांब चालावं, कारण थकलेल्या पायांनी पुन्हा निघणं ही वेगळीच सवय आहे. निघण्याच्या तीन आठवडे आधी एक परीक्षा घ्यावी: तक्त्यातला सर्वांत कठीण दिवस पाहून त्याच्या दोन-तृतीयांश चढउतार पूर्ण वजनानिशी करायचा, आणि दुसऱ्या दिवशी निम्मा. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागला, तर अजून उताराचं काम बाकी आहे. शेवटचा आठवडा हलका.

बुटांवर आम्ही जास्त वेळ घालवतो, कारण ट्रेक सोडून परतणाऱ्यांत पायांच्या कुरबुरींमुळे परतणारे पुष्कळ असतात. बूट दुपारनंतर घ्यावेत, तोपर्यंत पाय थोडे सुजलेले असतात. ट्रेकला वापरायचे तेच मोजे घालून जावं. नाड्या सोडून पाय पुढे सरकवला की टाचेमागे एक बोट जायला हवं. नाड्या बांधल्यावर टाच उचलली जाता कामा नये. दुकानातल्या उतरत्या फळीवर, नाहीतर जिन्यावर, जोर देऊन उतरून पाहायचं. बोटं पुढे टेकली तर एक नंबर मोठा. चढताना घोट्याजवळची नाडी जरा सैल आणि उतार सुरू होण्याआधी थांबून ती घट्ट, विशेषतः पायाच्या वळणावरच्या हुकांपाशी दुहेरी पीळ देऊन, म्हणजे टाच मागे धरली जाते आणि पाय पुढे घसरत नाही. नवे बूट निदान ५०-६० किलोमीटर चालवून मगच न्यावेत.

कपाटातले जुने, ‘जेमतेम वापरलेले’ बूट नव्यांपेक्षा धोक्याचे. अनेक ट्रेकिंग बुटांच्या तळात पॉलीयुरेथेनचा थर असतो आणि हवेतल्या ओलाव्याने तो वर्षानुवर्षं आतून विरत जातो, बूट वापरले तरी आणि न वापरता डब्यात ठेवले तर बऱ्याचदा आणखी लवकर. बाहेरून बूट धडधाकट दिसतात आणि दुसऱ्या दिवशी खडकाळ उतारावर तळ सुटून जिभेसारखा लोंबू लागतो. बाजूच्या थरात अंगठ्याचं नख जोराने दाबून पाहावं. भुगा निघाला, चिरा दिसल्या किंवा नखाची खूण तशीच राहिली तर ते बूट घरीच ठेवावेत. पाच-सहा वर्षांपेक्षा जुन्या बुटांची ही तपासणी निघण्याच्या महिनाभर आधी, म्हणजे नवे घेऊन चालवायला वेळ उरतो. काठीवर दोन मीटर लांबीची रुंद चिकटपट्टी गुंडाळून ठेवली तर सुटलेला तळ मुक्कामापर्यंत तग धरतो.

फोड येण्याआधी ती जागा चुरचुरते. त्याच क्षणी थांबून बूट काढायचा, मोजा वाळवायचा, आतला खडा झटकायचा आणि कोरड्या कातडीवर पट्टी लावायची. गटाला थांबवायचा संकोच वाटतो आणि पुढच्या विसाव्यापर्यंत ढकललं जातं. तेवढ्यात फोड तयार. पायाची नखं ट्रेकला निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी कापावीत, आदल्या रात्री नको. विमानाने जाणार असाल तर बूट पायात किंवा हातातल्या सामानात. हरवलेल्या बॅगेतलं बाकी सगळं उसनं मिळतं, पायाला बसलेला बूट मिळत नाही.

सॅकचं वजन तराजूवर करायचं, अंदाजाने नाही. निवाऱ्यात जेवण आणि पांघरूण मिळणाऱ्या ट्रेकचा एक नमुना देतो: सॅक १.३ किलो, दोन लिटर पाणी २ किलो, पावसाचं जाकीट आणि विजार ६०० ग्रॅम, गरम जाकीट ४००, लोकरी किंवा फ्लीसचा थर ३००, बदलीचे कपडे ८००, झोपायची पातळ खोळ २००, औषधं ३००, हेडलॅम्प आणि पॉवर बँक ४००, साबण-टूथब्रश वगैरे ३००, वाटेतलं खाणं ५००. बेरीज ७.१ किलो. कॅमेरा आणि दोन लेन्स घातल्या की आठच्या वर जातं, आणि हाच तो किलो पाचव्या दिवशी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. अंगाशी सुती कपडा नको. घामाने भिजला की वाळत नाही आणि खिंडीतल्या वाऱ्यात थंडी भरते. सॅकवरचं पावसाळी आवरण वाऱ्यात उडतं आणि पाठीकडून पाणी आत जातंच, तेव्हा सॅकच्या आत एक मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी घालून सगळं तिच्यात भरावं. हलकी आणि खात्रीची सोय. निवाऱ्यात एका खोलीत वीस जण झोपणार असतील तर कानात घालायचे बोळे विसरू नयेत.

प्रवासाचे दिवस आखताना ट्रेकच्या आधी एक पूर्ण दिवस आणि नंतर एक मोकळा दिवस ठेवावा. शेवटच्या टप्प्यावर दरड, पूर किंवा बंद पडलेलं छोटं विमान यांपैकी काहीही आडवं येऊ शकतं, आणि परतीचं विमान त्याच संध्याकाळी असलं की गट गाईडवर वाईट हवेत निघण्याचा दबाव टाकू लागतो. मोकळा दिवस असला की तो दबावच तयार होत नाही.

फोनवर वाटेचा नकाशा आधी उतरवून घ्यावा, फोन विमान मोडवर ठेवावा आणि थंडीत रात्री तो पांघरुणात घ्यावा, नाहीतर बॅटरी पहाटेपर्यंत गळते. संकटाची खूण प्रत्येकाला माहीत असावी: शिट्टी किंवा उजेडाचे मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर मिळतं ते मिनिटाला तीन इशाऱ्यांचं. अनेक सॅकच्या छातीवरच्या पट्ट्यालाच शिट्टी असते, बऱ्याच जणांना हे ट्रेक संपेपर्यंत कळत नाही.

पहिल्या संध्याकाळी गाईड सगळ्यांना बसवून कार्यक्रम सांगतो. तेव्हा प्रश्न विचारण्याआधी त्याला बाजूला घेऊन चार गोष्टी सांगायच्या: चालू औषधं, ॲलर्जी, गुडघ्याचं किंवा पाठीचं जुनं दुखणं, आणि दरीची भीती. भीतीचं सांगायला लोक कचरतात. पण गाईडला आधी माहीत असलं तर तो अशा माणसाला रांगेत आपल्या लगेच मागे घेतो, अवघड जागेआधी विसावा घेतो, आणि मोठ्या उताराच्या दिवशी गुडघा दुखणाऱ्याच्या सॅकमधलं एक लिटर पाणी सहायकाकडे देतो. आपला तक्ताही त्याला दाखवावा. आकड्यांत फरक निघाला तर त्याचे धरायचे आणि दुसऱ्या दिवशी किती वाजता निघायचं ते तिथेच लिहून घ्यायचं.